‘घरी सगळं ठीक ना?’ : एका प्रश्नाचा इतिहास

दोन आकड्यांपासून सुरुवात करू. १९९८-९९ च्या दुसऱ्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या विवाहित (यात विधवा, परित्यक्ता, घटस्फोटिता याही आल्या) भारतीय स्त्रियांपैकी १९ टक्के स्त्रियांनी नवऱ्याने आपल्याला मारहाण केल्याचे सांगितले. २००५-०६ च्या तिसऱ्या सर्वेक्षणात असे सांगणाऱ्या स्त्रिया ३५ टक्के निघाल्या. मधली वर्षे सात. या सात वर्षांत भारतीय नवऱ्यांचा हात जवळजवळ दुपटीने सुटला, असे मानायला काही आधार नाही. बदलला होता तो प्रश्न.

दुसऱ्या सर्वेक्षणात मोघमपणे विचारले होते : वयाची पंधरा वर्षे पूर्ण झाल्यापासून तुम्हाला कुणी मारले आहे का, शारीरिक त्रास दिला आहे का? ‘होय’ म्हणणारीला पुढे विचारायचे, कुणी? तिसऱ्या सर्वेक्षणात नवऱ्याबद्दल थेट आणि एकेक कृती वेगळी काढून विचारले : थप्पड मारली का? हात पिरगाळला का, केस ओढले का? ढकलले का, काही फेकून मारले का? बुक्की मारली का? लाथ घातली का, फरफटत नेले का? गळा दाबण्याचा, जाळण्याचा प्रयत्न केला का? तेव्हा ३४ टक्के स्त्रियांनी थपडेला ‘हो’ म्हटले. यांतल्या कितीतरी जणींना मोघम प्रश्न विचारला असता, तर ‘नाही’ असेच उत्तर आले असते. आणि ते उत्तर देताना त्या खोटे बोलत आहेत असे त्यांना वाटलेही नसते. थप्पड म्हणजे मारहाण, अशी मुळी त्यांची व्याख्याच नव्हती.

या लेखात आम्हाला सांगायचा आहे तो या प्रश्नाचा इतिहास. आकडे वर्तमानपत्रात छापून येतात, त्यांवर अग्रलेख होतात. ते कसे विचारून मिळाले याची चर्चा मात्र फार थोडी होते. आणि या इतिहासात जिच्यापाशी प्रश्नकर्ते पुनःपुन्हा अडखळले ती व्यक्ती म्हणजे तरुण स्त्री : लग्नाला वर्ष-दोन वर्षे झालेली, घरात सर्वांत धाकटी, आपल्यावर जे गुदरते आहे त्याला कुठला शब्द वापरावा हेही जिचे अजून ठरलेले नाही अशी.

*

सर्वेक्षणे येण्याआधीही तरुण स्त्रिया बोलत होत्याच. फक्त त्यांचे बोलणे कुठे आणि कोणत्या अटीवर ऐकले जाई, हे पाहायला हवे.

महाराष्ट्राला माहीत असलेले एक उदाहरण रखमाबाईंचे. अकराव्या वर्षी लग्न झालेल्या रखमाबाईंनी नवऱ्याच्या घरी नांदायला जाण्याचे नाकारले. दादाजी भिकाजी यांनी १८८४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात दावा लावला आणि १८८७ मध्ये न्यायालयाने रखमाबाईंपुढे दोन पर्याय ठेवले : नवऱ्याकडे जाणे किंवा सहा महिने तुरुंगात जाणे. हा खटला सर्वपरिचित आहे. आम्ही लक्ष वेधू इच्छितो ते १८८५ साली टाइम्स ऑफ इंडियात आलेल्या त्यांच्या पत्रांकडे. बालविवाहाने हिंदू मुलीच्या आयुष्याचे काय होते, हे त्यांत एका तरुण स्त्रीने स्वतः लिहिले होते. आणि खाली सही होती ती ‘एक हिंदू स्त्री’ एवढीच. प्रथमपुरुषी साक्ष द्यायची तर स्वतःचे नाव झाकावे लागत होते. ही अट पुढे शंभर वर्षांनी सर्वेक्षणशास्त्राला नव्याने शोधावी लागली.

दुसरे उदाहरण जात्याचे. हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ यांनी महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा करवल्या. त्यांत देव आहेत, भाऊ आहे, आई आहे आणि सासुरवासही भरपूर आहे. दिवसभर तोंड न उघडणारी सून पहाटे जात्याशी बोलते. या बोलण्यामागची परिस्थिती पाहा. घर अजून झोपेत आहे. समोर असलीच तर आपल्यासारखीच एखादी बाई आहे. हात कामात असल्यामुळे बोलणे हा रिकामपणाचा उद्योग ठरत नाही. जात्याची घरघर आवाज झाकते. शिवाय ओवी परंपरेने चालत आलेली, तेव्हा ‘हे मी माझ्याबद्दल बोलत नाही, ओवी म्हणते आहे’ अशी पळवाटही आहे. एकांत, विश्वास, नाव न लागण्याची हमी : तरुण स्त्रीकडून खरे उत्तर मिळण्यासाठी जे जे लागते ते सारे त्या अंधाऱ्या कोपऱ्यात होते. आकडा मात्र तिथे नव्हता, आणि सरकारे व न्यायालये आकड्याखेरीज हलत नाहीत.

*

आकडा मिळवण्याचा पहिला मोठा प्रयत्न अमेरिकेत झाला. समाजशास्त्रज्ञ मरे स्ट्राउस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये तिथे देशव्यापी सर्वेक्षण केले. त्यात वापरलेली मोजपट्टी ‘कॉन्फ्लिक्ट टॅक्टिक्स स्केल’ या नावाने १९७९ च्या निबंधातून सर्वत्र पोचली. तिच्यातली मूळ कल्पना साधी आणि चतुर होती. ‘हिंसा’ हा शब्दच उच्चारायचा नाही. जोडप्यांत भांडणे होतच असतात, असे आधी म्हणायचे, आणि मग गेल्या वर्षभरात भांडण झाले तेव्हा काय काय घडले ते पायरीपायरीने विचारायचे : शांतपणे चर्चा केली का, अपशब्द वापरले का, काही फेकले का, ढकलले का, मारले का. लाज शब्दाला चिकटलेली असते, कृतीला तुलनेने कमी, हे स्ट्राउस यांनी ओळखले होते. भारताच्या तिसऱ्या सर्वेक्षणातली वर दिलेली यादी याच मोजपट्टीवरून, फेरफार करून घेतलेली आहे.

पण मोजपट्टीने एक गोष्ट मिळवताना दुसरी गमावली. तिच्यात कृती मोजल्या जात, प्रसंग मोजला जात नसे. नवऱ्याने भिंतीवर आपटले म्हणून बायकोने त्याला ढकलले, तर दोघांच्याही नावापुढे एकेक खूण पडे. त्यामुळे पुरुष आणि स्त्रिया जवळजवळ सारख्याच प्रमाणात हात उचलतात, असा निष्कर्ष त्या सर्वेक्षणातून निघाला आणि त्यावर वादळ उठले. रिबेका व रसेल डोबॅश यांच्यासारख्या अभ्यासकांनी विचारले : भीती कुणाला वाटते, इजा कुणाला होते, घर सोडून पळावे कुणाला लागते, हे न विचारता केलेली बेरीज कसली? १९९६ मध्ये मोजपट्टीची सुधारित आवृत्ती आली. तीत लैंगिक बळजबरी आणि इजा यांविषयीचे प्रश्न घातले गेले. भीतीचा प्रश्न तरीही बाहेरच राहिला.

हीच मोजपट्टी पुढे विद्यापीठांतल्या तरुणतरुणींकडे गेली. स्ट्राउस यांनी अनेक देशांतल्या सहकाऱ्यांसह २००१ ते २००६ या काळात विद्यार्थ्यांच्या प्रेमसंबंधांतल्या मारहाणीचा अभ्यास केला. आपल्याकडचे पुणेही त्यात होते. आमच्या मते इथे मोजपट्टीपुढे एक वेगळीच अडचण उभी राहते. आपल्याकडच्या अविवाहित तरुणीला ‘तुझ्या मित्राने तुला मारले का’ असे विचारणे म्हणजे आधी ‘तुला मित्र आहे’ हे तिच्याकडून कबूल करून घेणे. पहिल्या कबुलीची किंमत दुसरीपेक्षा जास्त असू शकते. घरी कळले तर कॉलेज बंद होईल, हे जिला ठाऊक आहे ती मारहाणीच्या प्रश्नापर्यंत पोचतच नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानेही तपशीलवार प्रश्न राखून ठेवले ते नवऱ्याविषयी, म्हणजे विवाह झालेल्या स्त्रियांसाठी. अविवाहितेला विचारले ते ‘कुणी मारले का’ एवढेच.

*

प्रश्नाच्या शब्दांइतकाच प्रश्न विचारण्याचा रिवाज महत्त्वाचा, हा धडा निकाराग्वाने दिला. १९९० च्या दशकात त्या छोट्या देशात नवऱ्याकडून किंवा जोडीदाराकडून होणाऱ्या मारहाणीची तीन वेगवेगळी सर्वेक्षणे झाली. जोडीदाराने आयुष्यात कधीतरी शारीरिक हिंसा केल्याचे लिओन शहरात ५२ टक्के स्त्रियांनी सांगितले, मानाग्वात ६९ टक्के स्त्रियांनी, आणि १९९८ च्या राष्ट्रीय आरोग्य सर्वेक्षणात अवघ्या २८ टक्के स्त्रियांनी. मेरी एल्सबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये या तिन्हींची तुलना केली. आधीच्या दोन अभ्यासांचा विषय हिंसा हाच होता. मुलाखत घेणाऱ्या स्त्रियांना त्यासाठीच तयार केले होते, एकांताची काळजी घेतली होती. राष्ट्रीय सर्वेक्षणात हा विषय लांबलचक आरोग्य-प्रश्नावलीतला एक भाग होता. देश तोच, काळ जवळपास तोच. ऐकणारी बदलली की उत्तर बदलते.

या अनुभवातून जागतिक आरोग्य संघटनेने २००१ मध्ये नियम घालून दिले. वाचताना ते जवळजवळ घरगुती शहाणपणासारखे वाटतात. एका घरातल्या एकाच स्त्रीला हे प्रश्न विचारावेत. सर्वेक्षणाचे नाव गावात ‘हिंसेचे सर्वेक्षण’ असे सांगू नये. बायकांच्या आरोग्याची पाहणी म्हणावे. कुणी खोलीत आले तर लगेच विषय बदलावा, त्यासाठी निरुपद्रवी प्रश्न हाताशी ठेवावेत. ज्या स्त्रीला मदत हवी असेल तिला ती कुठे मिळेल हे सांगता आले पाहिजे. आणि दिवसभर असले ऐकणाऱ्या मुलाखतकर्त्या स्त्रीलाही आधार लागतो, हे विसरू नये.

या नियमांनुसार दहा देशांतल्या चोवीस हजारांहून अधिक स्त्रियांशी बोलून केलेला अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. तरुण स्त्रियांच्या बाबतीत त्यात जे दिसले ते अस्वस्थ करणारे होते. गेल्या बारा महिन्यांत जोडीदाराकडून शारीरिक वा लैंगिक हिंसा झाल्याचे बांगलादेशातील शहरी भागात पंधरा ते एकोणीस वयाच्या ४८ टक्के मुलींनी सांगितले. पंचेचाळीस ते एकोणपन्नास वयाच्या स्त्रियांत हे प्रमाण १० टक्के होते. पेरूच्या शहरात हेच आकडे ४१ आणि ८. जपान आणि इथिओपिया वगळता सर्वत्र ‘सध्या’चा धोका तरुण वयात अधिक होता.

याचे अर्थ अनेक लागू शकतात. लग्नाची पहिली वर्षे हीच धाक बसवण्याची वर्षे असतात, असा एक. वय वाढते, मुलगे मोठे होतात, बाईचे घरातले स्थान पक्के होते, असा दुसरा. तिसरा अर्थ स्मरणाशी निगडित आहे. ‘आयुष्यात कधी’ या प्रश्नाचे उत्तर वयाबरोबर वाढत जायला हवे. पण पन्नाशीला आलेली बाई तिशीपूर्वीच्या थपडांना ‘तेव्हा सगळ्यांकडे असंच होतं’ या वाक्यात गुंडाळून ठेवते. तरुण स्त्रीची आठवण ताजी असते, पण तिच्याभोवती माणसे जास्त असतात. वयस्क स्त्रीला एकांत मिळतो, पण तोवर तिने आपल्या आयुष्याची कहाणी जगण्याजोगी करून घेतलेली असते. दोघींच्या उत्तरांतून काहीतरी गळते. गळण्याची जागा वेगळी.

याच अभ्यासात पंधरा वर्षांपूर्वीच्या वयातल्या लैंगिक अत्याचाराविषयी दोनदा विचारले होते : एकदा तोंडी, आणि मुलाखतीच्या शेवटी हसऱ्या व रडक्या चेहऱ्याचे चित्र असलेल्या पत्रिकेवर खूण करून, ती पाकिटात बंद करून. तोंडी ‘नाही’ म्हणणाऱ्या कित्येकींनी पाकिटात ‘हो’ घातले. रखमाबाईंच्या ‘एक हिंदू स्त्री’ या सहीची आठवण आम्हाला इथे होते. बंद पाकीट म्हणजे तीच सही.

*

आता पुन्हा भारताकडे येऊ. १९९२-९३ च्या पहिल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात या विषयावर प्रश्नच नव्हते. दुसऱ्यात एक मोघम प्रश्न आला. तिसऱ्यापासून यादी आली. मुंबईतल्या देवनार येथील आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेकडे या सर्वेक्षणांची सूत्रे आहेत, आणि नियम कागदावर काटेकोर आहेत : घरातली एकच स्त्री, संपूर्ण एकांत, एकांत नसेल तर हा भाग गाळायचा. अशा प्रश्नावलीच्या अखेरीस मुलाखतकर्तीने एक नोंद करायची असते : कुणी आत आल्यामुळे किंवा ऐकू पाहत असल्यामुळे थांबावे लागले का, नवरा होता, दुसरा पुरुष होता की बाई होती? नव्या सुनेच्या बाबतीत त्या ‘दुसऱ्या बाई’चे महत्त्व वाचकांना सांगायला नको. दोन खोल्यांच्या घरात पाणी आणून देण्याच्या निमित्ताने सासू तीनदा फिरकते. सून ‘घरी सगळं ठीक आहे’ म्हणते. हे उत्तर खोटे आहे की शहाणपणाचे?

भाषेचाही प्रश्न आहे. ‘हिंसा’ हा आपला ग्रंथातला शब्द. कुठलीही बाई ‘माझ्यावर हिंसा झाली’ असे म्हणत नाही. ती म्हणते, ‘हात उचलतात’, ‘तापट आहेत’, ‘प्यायले की थोडंफार होतं’. लैंगिक बळजबरीसाठी तर ग्रंथाबाहेर शब्दच नाही. लग्न झाले म्हणजे होकार दिला, असे कायदाही प्रौढ पत्नीच्या बाबतीत आजवर मानत आला आहे. तिसऱ्या सर्वेक्षणात शारीरिक हिंसा ३५ टक्के स्त्रियांनी सांगितली आणि लैंगिक हिंसा १० टक्के स्त्रियांनी. या दोन आकड्यांतले अंतर किती वास्तवाचे आणि किती शब्दांच्या दारिद्र्याचे, हा विचार वाचकांनी करावा. त्याच सर्वेक्षणात ५४ टक्के स्त्रियांनी, दिलेल्या कारणांपैकी निदान एका कारणासाठी नवऱ्याने बायकोला मारणे योग्य ठरवले. २०१९-२१ च्या पाचव्या सर्वेक्षणात हे प्रमाण ४५ टक्क्यांवर आले. जिला मारणे योग्य वाटते तिला ते सांगण्याजोगे वाटेलच असे नाही. आणि हे वाटणे कमी होऊ लागले की सांगणे वाढेल. तेव्हा पुढेमागे आकडा फुगला तर तो ऱ्हासाचाच पुरावा मानण्याची घाई करू नये.

कर्नाटकाचे उदाहरण यासाठी लक्षात ठेवण्यासारखे आहे. नवऱ्याकडून शारीरिक वा लैंगिक हिंसा झाल्याचे चौथ्या सर्वेक्षणात (२०१५-१६) तिथल्या २०.६ टक्के स्त्रियांनी सांगितले, पाचव्यात ४४.४ टक्के स्त्रियांनी. टाळेबंदीचे कारण इथे लागू होत नाही, कारण कर्नाटकातली मुलाखतींची फेरी त्याआधीच, २०१९ मध्ये पार पडली होती. शेजारच्या राज्यात चार वर्षांत मारहाण दुपटीहून अधिक झाली, असे म्हणायचे की ऐकणारे बदलले, बोलणाऱ्या बदलल्या असे म्हणायचे? एकट्या आकड्याला हे सांगता येत नाही. १९ आणि ३५ यांच्या अनुभवानंतर आम्ही मात्र आधी प्रश्नकर्त्याकडे पाहू आणि मग उत्तर देणारीकडे.

*

सर्वांत मोठे मौन मात्र उत्तरात नाही, प्रश्न कुणाला विचारायचा या निवडीत आहे. पाचव्या सर्वेक्षणात कौटुंबिक हिंसेचे प्रश्न अठरा ते एकोणपन्नास वयाच्या स्त्रियांना विचारण्यात आले. आधी ही मर्यादा पंधरापासून होती. त्याच सर्वेक्षणात वीस ते चोवीस वयाच्या २३.३ टक्के स्त्रियांनी आपले लग्न अठराच्या आत झाल्याचे सांगितले, महाराष्ट्रात २१.९ टक्के. म्हणजे पंधरा-सोळा-सतराच्या विवाहित मुली या देशात आहेत, हे एका पानावर मान्य आहे आणि दुसऱ्या पानावर त्यांना विचारायचे नाही असे ठरले आहे.

इथे कायद्याची गाठ खरोखरच अवघड आहे, हे मान्य करायला हवे. २०१२ च्या पॉक्सो कायद्याने अठराखालील मुलीवरील लैंगिक गुन्हा कळल्यास तो पोलिसांना कळवणे सर्वांवर बंधनकारक केले. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, पत्नी अठराखालील असेल तर तिच्याशी ठेवलेला शरीरसंबंध बलात्कारच, असा निर्णय दिला. दोन्ही पावले मुलींच्या हिताची. पण ‘तुमचे उत्तर गुप्त राहील’ असे सांगून बसलेल्या मुलाखतकर्तीने सतरा वर्षांच्या विवाहितेचे उत्तर ऐकल्यावर काय करायचे? वचन पाळायचे की कायदा? जिच्या संरक्षणासाठी कायदे कडक झाले, तिचे बोलणे ऐकणे त्यामुळेच कठीण झाले. आणि जागतिक पुरावा तर सांगतो की धोका याच वयात मोठा : जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ सालाच्या अंदाजानुसार, जोडीदार असलेल्या पंधरा ते एकोणीस वयाच्या मुलींपैकी २४ टक्के मुलींनी विशी गाठण्यापूर्वीच अशी हिंसा सोसलेली होती.

*

शेवटी एका आकड्याकडे वळतो. पाचव्या सर्वेक्षणात शारीरिक वा लैंगिक हिंसा सांगणाऱ्या स्त्रियांपैकी ७७ टक्के स्त्रियांनी तोवर कुणाचीही मदत मागितली नव्हती आणि कुणाला ही गोष्ट सांगितलीही नव्हती. आईला नाही, बहिणीला नाही, मैत्रिणीला नाही. मदत मागितली ती १४ टक्के स्त्रियांनी. हा आकडा बहुधा पोलीस आणि कायदा यांच्या अपयशाचा पुरावा म्हणून उद्धृत होतो. तो तसा आहेच. पण त्याची दुसरी बाजू आम्हाला महत्त्वाची वाटते. या दर चार स्त्रियांपैकी तिघींनी आपली गोष्ट आयुष्यात पहिल्यांदा उच्चारली ती प्रश्नावली घेऊन दारात आलेल्या एका अनोळखी बाईपाशी. जात्याची जागा त्या बाईने काही मिनिटांपुरती घेतली होती.

अशा बाईने पुढे काय करावे, याचे उत्तर सर्वेक्षणाच्या शास्त्रात नाही. ते बाहेर शोधावे लागते. वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात मुंबई महापालिका आणि ‘सेहत’ या संस्थेने २००० साली ‘दिलासा’ केंद्र सुरू केले. हात मोडला म्हणून, औषध प्यायली म्हणून आलेल्या बाईला डॉक्टर-परिचारिकांनी कसे विचारावे आणि विचारल्यानंतर तिच्यासाठी काय करावे, हे तिथे एकाच छपराखाली आले. विचारणे आणि मदत करणे यांत अंतर ठेवले नाही, हे त्या प्रयोगाचे मोल.

यापुढे एखाद्या सर्वेक्षणाचा आकडा वर्तमानपत्रात दिसला, तर वाचकांनी तीन गोष्टी विचाराव्यात, एवढीच विनंती : प्रश्न कोणत्या शब्दांत विचारला, तेव्हा खोलीत आणखी कोण होते, आणि कुठल्या वयाच्या मुलीला तो विचारलाच नाही. आकडा खाली आला म्हणून हायसे वाटून घेण्यापूर्वी या तिन्हींची उत्तरे हातात असावीत.